बारावीनंतर कॉलेज कोणतं? पालक दर जूनला विचारतात ते प्रश्न

मी तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो. सीईटीचा, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की स्टाफरूमबाहेरच्या बाकावर पालक येऊन बसतात. मांडीवर प्लास्टिकची फाइल, शेजारी मोबाइलमध्ये डोकं घातलेलं पोर. प्रश्न फिरून फिरून तेच, म्हणून एकदाची उत्तरं लिहून काढली. यातलं बरंचसं इंजिनिअरिंगच्या कॅपबद्दल, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेबद्दल आहे, कारण गोंधळ सगळ्यात जास्त तिथेच होतो. बाकीच्यांसाठी पुढे थोडं आहे. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, तेव्हा सीईटी सेलची त्या वर्षीची माहिती पुस्तिका उतरवून घ्या आणि मुलालाच वाचायला लावा. कंटाळला तरी चालेल.

सर, आधी ब्रँच बघायची की कॉलेज?

ज्या विषयाचं नाव काढलं की पोराचं तोंड वाकडं होतं, ती ब्रँच कितीही नावाजलेल्या कॉलेजात मिळाली तरी घेऊ नका. चार वर्षं सबमिशनं त्याला लिहायचीत, तुम्हाला नाही.

पण कॉम्प्युटर, आयटी आणि एआय-डेटा सायन्स या तिघांत जीव खाऊ नका. अभ्यासक्रम बराचसा एकमेकांवर चढलेला असतो. तिथे कॉलेज बघा. कालपरवा काढलेल्या एआयच्या तुकडीला शिकवायला माणसं आहेत का, हे विचारलं की पुष्कळ नावं आपोआप गळतात.

माझं मत विचाराल तर, मुलाला दोन्ही चालत असेल तर जुन्या शासकीय किंवा अनुदानित संस्थेतली मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल मी नव्या कॉलेजातल्या कॉम्प्युटरच्या वर ठेवतो. पुण्याचं सीओईपी १८५४ पासूनचं, २०२२ मध्ये ते तंत्रज्ञान विद्यापीठ झालं. माटुंग्याचं व्हीजेटीआय १८८७ चं, सांगलीचं वालचंद १९४७ चं, कराडचं शासकीय १९६० चं. अशा ठिकाणी माजी विद्यार्थी जगभर असतात, आणि मशीन शॉपमधली लेथ नुसती दाखवायला ठेवलेली नसते. फी कमी असते हे तर आहेच. हे मत सगळ्यांना पटत नाही. आमच्याच स्टाफरूममध्ये यावरून दर वर्षी वाद होतो.

त्याला काही ठरवताच येत नाही. विचारलं की म्हणतो, "काहीही चालेल."

सतरा वर्षांच्या पोराला "तुला काय व्हायचंय?" असं विचारलं की असंच उत्तर येणार. प्रश्न बारीक करा. बारावीत कुठल्या विषयाचं जर्नल स्वतः लिहिलं आणि कुठल्याचं मित्राचं उतरवलं? घरातला पंखा बंद पडला तर स्टूल घेऊन चढतो का? चुलतभाऊ किंवा शेजारचा कुणी दादा इंजिनिअरिंगला असेल तर त्याचं दुसऱ्या वर्षाचं पुस्तक आठवडाभर घरात आणून ठेवा. कुठलं पान उघडून बसतो ते लांबून बघा.

"काहीही चालेल" याचा अर्थ बऱ्याचदा "तुम्ही आधीच ठरवलंय, मग मला कशाला विचारता" असाही असतो. हे सांगितलं की बाकावरचे वडील जरा अस्वस्थ होतात.

९२ पर्सेंटाइल आहेत. कुठलं कॉलेज मिळेल?

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नाहीत, इथूनच सुरुवात करू. ९२ पर्सेंटाइल म्हणजे शंभरातली साधारण ९२ मुलं तुमच्या मागे, आठ पुढे. पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गटाची परीक्षा चार लाख मुलांनी दिली असं धरलं, तर तुमच्यापुढे सुमारे ३२ हजार मुलं झाली. ९९ वाल्यापुढे चार हजार. आकडा असा डोळ्यांपुढे आला की "नव्वदच्या वर आहे म्हणजे सीओईपी मिळेल" ही भाषा थांबते.

मग सीईटी सेलच्या वेबसाइटवर मागच्या वर्षांच्या कटऑफच्या पीडीएफ असतात, त्या उघडा. पहिल्यांदा उघडली की घाबरायला होतं. कॉलेजचं नाव, खाली ब्रँच, खाली जी-ओपन-एच, एल-ओबीसी-ओ असली अक्षरांची रांग. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण जागा, एल म्हणजे मुलींसाठी राखीव. मध्ये प्रवर्ग. शेवटचं अक्षर एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे त्या विद्यापीठाबाहेरचे, एस म्हणजे राज्यस्तरीय जागा. प्रत्येक रकान्यात वर मेरिट क्रमांक आणि खाली कंसात पर्सेंटाइल. तिथे शेवटी ज्याला प्रवेश मिळाला त्याचा हा आकडा असतो.

होम युनिव्हर्सिटी तुमच्या राहत्या घरावरून ठरत नाही. बारावी ज्या कॉलेजातून केली ते ज्या विद्यापीठाच्या क्षेत्रात, ती तुमची. लातूरला राहून बारावी केलेल्या पुण्याच्या मुलाला हे ऐन वेळी कळतं आणि तो पुण्याच्या कॉलेजांचे चुकीचे रकाने बघत बसलेला असतो.

एकाच वर्षाचा कटऑफ बघू नका. तीन वर्षांचे बघा, आणि प्रत्येक वर्षीची पहिली फेरीच नाही तर शेवटचीही बघा. दोन्हींत बराच फरक पडलेला दिसतो.

ऑप्शन फॉर्म कुठल्या क्रमाने भरायचा? मिळण्यासारखं कॉलेज वर टाकू ना?

नाही. माझ्या बाकावर सगळ्यात जास्त नुकसान या एका समजुतीने झालंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जागावाटप कसं होतं ते आधी बघा. मेरिटच्या क्रमाने सगळी मुलं रांगेत उभी आहेत असं समजा. तुमचा नंबर आला की संगणक तुमची यादी वरून खाली वाचतो. एक नंबरच्या ठिकाणी तुमच्या प्रवर्गाची जागा शिल्लक आहे? असेल तर दिली. नसेल तर दोन नंबर. तिथेही नसेल तर तीन. तुमच्या मागे उभ्या असलेल्या मुलाने तेच कॉलेज पहिल्या क्रमांकाला टाकलं आणि तुम्ही नवव्या, तरी आधी विचारणा तुमचीच होते. त्यामुळे न मिळणारं कॉलेज वर टाकलं म्हणून खालचं हातचं जात नाही. वरची दहा नावं आवाक्याबाहेरची असली तरी बिघडत नाही.

बिघडतं ते उलट केलं की. २०२५-२६ च्या प्रवेशात नियम असा होता: पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला तर ती जागा आपोआप पक्की. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी काहीही मिळालं तरी तसंच. ती जागा नको असेल तर पुढच्या कॅप फेऱ्यांतूनही तुम्ही बाहेर. एका मुलीला इलेक्ट्रॉनिक्स हवं होतं. वडिलांनी नेट कॅफेत बसून, कॅफेवाल्याच्याच सल्ल्याने, "नक्की मिळेल" असं घराजवळचं सिव्हिल वर टाकलं. पहिल्याच फेरीत ते मिळालं. पुढच्या फेरीत तिच्यापेक्षा कमी पर्सेंटाइलवाल्या मैत्रिणीला तिला हवी असलेली जागा मिळाली. मुलगी वडिलांना काही बोलली नाही. माझ्यासमोर यादीची प्रिंट मात्र उघडून धरली.

म्हणून यादी इच्छेच्या क्रमाने. करायची रीतही सोपी आहे. कॉलेज आणि ब्रँच मिळून एक चिठ्ठी, अशा चाळीस-पन्नास चिठ्ठ्या करा आणि जमिनीवर पसरा. मुलाला शेजारशेजारच्या दोन दाखवा: "दोन्ही मिळत असतील तर कुठली घेशील?" खालची म्हणाला की अदलाबदल. असं वरून खाली दोनदा करा. दोन-तीन तासांचं काम आहे, रविवार काढा. तुम्ही फक्त एकच काम करायचं: जे मिळालं तरी पाठवणार नाही, पैशामुळे किंवा आणखी कशामुळे, त्या चिठ्ठ्या सुरुवातीलाच उचलून घ्यायच्या आणि का ते सांगायचं. यादीत ठेवून मग "तिकडे नाही जायचं" म्हणणं हा पोरावर अन्याय आहे.

शेवटी खरोखर मिळतील अशी पाच-सात ठिकाणं हवीतच. दहाच पर्याय भरून "काहीच लागलं नाही" म्हणून येणारे दर वर्षी असतात. शंभरावर पर्याय भरता येतात, हात आखडता घेऊ नका.

फॉर्म भरला आणि कन्फर्म करायचाच राहिला, असंही होतं. शेवटच्या दिवशी सर्व्हर चालत नाही. आणि लॉगिनचा पासवर्ड कॅफेवाल्याकडे नको, घरच्या वहीत हवा.

फ्रीझ करायचं की बेटरमेंटला जायचं?

यादी प्रामाणिक असेल तर याचं उत्तर तीच देते. मिळालेल्या जागेच्या वर जी नावं आहेत ती अजूनही हवीशी वाटत असतील तर जागा स्वीकारण्याचे पैसे भरा आणि बेटरमेंट घ्या. वरचं मिळालं तर हातातली जागा जाते, ती परत मागता येत नाही. नाही मिळालं तर हातातली राहते. वरच्यांत आता रस उरला नसेल तर फ्रीझ करा, म्हणजे आहे तीच जागा पक्की करा, आणि खोली शोधायला लागा.

कॉलेजला नॅकची ए प्लस प्लस आहे. मग डोळे झाकून घ्यायला हरकत नाही ना?

डोळे उघडेच ठेवा. नॅक पूर्ण संस्थेला श्रेणी देते. ए प्लस प्लस म्हणजे चारपैकी ३.५१ किंवा जास्त. त्यात इमारत, ग्रंथालय, संशोधन, कारभार सगळं आलं. तुमच्या मुलाच्या ब्रँचबद्दल ती वेगळं काही सांगत नाही. त्यासाठी एनबीएचं मानांकन बघा, ते अभ्यासक्रमनिहाय असतं. एकाच कॉलेजात मेकॅनिकलला असतं आणि शेजारच्या इमारतीतल्या नव्या ब्रँचला नसतं. तारीख बघा. मुदत संपलेलं मानांकन फाटकावरच्या फलकावर वर्षानुवर्षं झळकत राहतं.

स्वायत्त कॉलेज म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा कॉलेजच्या हातात, पदवी विद्यापीठाचीच. चांगल्या कॉलेजात याचा फायदा होतो, अभ्यासक्रम लवकर बदलतात. ढिसाळ कॉलेजात पेपर सोपे निघतात आणि पोराला चार वर्षं आपण हुशार आहोत असं वाटत राहतं.

जाहिरातीत ४० लाखांचं पॅकेज लिहिलंय. खरं असतं का?

एखाद्याचं खरं असतं. दहा मुलांत एकाला ४० लाख आणि नऊ जणांना प्रत्येकी ४ लाख मिळाले तर सरासरी ७ लाख ६० हजार निघते. त्या दहांत तेवढा पगार घेणारा एकही नाही. म्हणून सरासरी विचारू नका, मध्यक विचारा. म्हणजे सगळ्यांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं तर मधोमध उभ्या असलेल्याचा पगार.

हा आकडा बहुतेकदा कॉलेजच्याच वेबसाइटवर सापडतो, फक्त पहिल्या पानावर नसतो. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्था आपली माहिती पीडीएफ करून टाकतात. तीत किती मुलं घेतली, किती वेळेत पास झाली, किती नोकरीला लागली, मध्यक पगार किती आणि किती पुढे शिकायला गेली, हे तीन-तीन वर्षांचं असतं. ही माहिती संस्थेनेच भरलेली असते हे ध्यानात ठेवा, पण फ्लेक्सपेक्षा ती बरी. मी आधी पास झालेल्यांचा आकडा बघतो. १८० घेतले आणि चार वर्षांत ९५ बाहेर पडले असं दिसलं तर बाकीच्यांचं काय झालं, हे विचारायलाच हवं.

कॉलेज बघायला गेलो तर काय बघायचं?

ओपन हाउसच्या दिवशी जाऊ नका. साध्या मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमारास जा. मुलाला घेऊन जा आणि आत गेल्यावर त्याला एकट्याला सोडा.

प्रवेश कक्षात एसी, पाण्याची बाटली, चकचकीत माहितीपत्रक मिळेल. ते घ्या, आभार माना आणि कँटीनला जाऊन चहा प्या. तिथे दुसऱ्या वर्षाची पोरं असतात, ती खरं बोलतात. "एम-वनला (पहिल्या सेमिस्टरच्या गणिताला) किती जण उडाले?", "प्रॅक्टिकलला एका कॉम्प्युटरवर किती बसता?", "मागच्या सेमिस्टरला किती सर सोडून गेले?" इतकं विचारलं तरी पुरे. लॅबच्या दारावरचं वेळापत्रक बघा आणि त्याच वेळी आत तास चालू आहे का ते बघा. मशीनवर प्लास्टिकचं कव्हर आणि कव्हरवर धूळ असेल तर मला फोन करून विचारायचीही गरज नाही. ग्रंथालयात बसायला जागा आहे का, परीक्षेच्या दिवसांत रात्री किती वाजेपर्यंत उघडं असतं, मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आहे का? शेवटचा प्रश्न आईने किंवा मुलीने बघून यायचा. त्यावरून संस्थेचा कारभार जितका कळतो तितका नॅकच्या श्रेणीवरूनही कळत नाही, असा माझा अनुभव आहे.

एकूण खर्च किती धरायचा?

प्रत्येक विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या वेबसाइटवर असते. कॉलेजने सांगितलेला आकडा तिच्याशी ताडून बघा. मग कागद घ्या आणि फी सोडून बाकीचं मांडा. पुण्यात कॉट बेसिसवर जागा घेतली तर डिपॉझिट आधी द्यावं लागतं. मेसला महिन्याचे पैसे आगाऊ, रविवारी रात्री मेस बंद, म्हणजे बाहेरचं जेवण. लॅपटॉप, ड्रॉइंगचं सामान, दिवाळी-गणपतीला एसटीचं भाडं, शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट. हे सगळं चारने गुणा. लोक पहिल्या वर्षाची फी कशीबशी उभी करतात आणि दुसऱ्या वर्षी म्हैस विकतात.

बँकेचं कर्ज साडेसात लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळण्याची योजना आहे. हप्ते शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभराने सुरू होतात, पण व्याज आधीपासून चढत असतं. कर्ज घेण्यात कमीपणा नाही. फक्त त्या कॉलेजचा मध्यक पगार आणि महिन्याचा हप्ता एकाच कागदावर लिहून बघा.

उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएसच्या जागा विसरू नका. मंजूर जागांवर पाच टक्के जादा जागा, शिक्षण शुल्क माफ, जातीची अट नाही. ऑप्शन फॉर्ममध्ये त्यांचा कोड वेगळा असतो. तो वेगळा टाकला नाही तर मिळत नाही. कटऑफ चढा असतो, तरी यादीत असू द्या.

मुलींना आता फी माफ आहे म्हणे?

अर्धं खरं. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या योजना आधीपासून आहेत. पण प्रवेश कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला, किंवा अभिमत वा खासगी विद्यापीठात घेतला तर ही माफी नाही. वसतिगृह, मेस आणि कॉलेजची इतर शुल्कं द्यावीच लागतात.

महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर, अर्ज दर वर्षी करायचा असतो. आधार बँक खात्याला जोडलेलं आहे का ते जुलैच्या आधी बघून ठेवा. काही कॉलेजं "आधी सगळी फी भरा, शासनाचे पैसे आले की परत देऊ" म्हणतात. माझ्या भाचीला असंच सांगितलं होतं. शासन निर्णयाची प्रत पुढे ठेवल्यावर सूर बदलला. प्रत मोबाइलमध्ये ठेवू नका, छापून न्या.

एक ओळखीचे आहेत, थोडं डोनेशन देऊन काम करतो म्हणाले.

महाराष्ट्रात डोनेशनवर १९८७ पासून कायद्याने बंदी आहे. पावती मिळणार नसेल तर पैसा तुमचा राहिलेला नाही. संस्था पातळीवरच्या जागा असतात, त्यांची जाहिरात निघते, अर्ज करता येतो, त्याही गुणवत्तेनेच भरायच्या असतात. ओळखीचे हे जे कुणी आहेत ते बऱ्याचदा कॅपमध्ये आपोआप मिळणाऱ्या जागेचे पैसे घेतात. जागा मिळाली की श्रेय त्यांचं.

खासगी विद्यापीठाचा फोन येतो रोज. सीट बुक करा म्हणतात.

सीईटीच्या आधीच येतो, बरोबर? "शेवटच्या तीन सीट्स" असतात. बारा महिने शेवटच्या तीनच असतात.

सगळी वाईट नाहीत, काही खरोखर चांगली आहेत. पण त्यांचे प्रवेश बहुधा त्यांच्या स्वतःच्या परीक्षेवर होतात, फी वेगळ्या रीतीने ठरते आणि राज्याच्या सवलती लागू होतील असं धरून चालता येत नाही. बुकिंगचे पैसे भरण्याआधी परताव्याचा नियम लेखी मागा. फोनवरची मुलगी गोड बोलते, तिचं टार्गेट असतं, तिच्यावर चिडू नका.

मुलगी आहे. घराजवळचंच बरं नाही का?

मुलगा असता तर हाच प्रश्न विचारला असता का? बहुतेक पालक इथे हसतात आणि "तसं नाही सर" म्हणतात.

जवळचं कॉलेज चांगलं असेल तर जरूर घ्या. घरचं जेवण आणि वाचलेले पैसे ही लहान गोष्ट नाही. पण रोज एसटीने दीड तास जाऊन दीड तास यायचं असेल तर ते जवळ नाही. पहिल्या वर्षी रोज तीन तास गेले की अभ्यास बसमध्ये होतो, म्हणजे होत नाही. लांब पाठवताना शासकीय वसतिगृहांची माहिती घ्या. पात्र मुलांसाठी स्वाधार आणि पंजाबराव देशमुख निर्वाह भत्त्याच्या योजना आहेत. वसतिगृहात रॅगिंगविरोधी समितीची नावं दर्शनी भागात लावलेली असतात का ते बघा. राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर १८००-१८०-५५२२, तो मुलीच्या फोनमध्ये आणि तुमच्याही.

मित्र जिथे जाणार तिथेच जायचं म्हणतो.

एका गावची दोन पोरं एका खोलीवर असली तर पहिले सहा महिने सोपे जातात, तेवढ्यापुरतं ठीक आहे. चिठ्ठ्यांच्या खेळात हा हट्ट आपोआप निवळतो. मित्राचे पर्सेंटाइल वेगळे असतात, त्यामुळे बऱ्याचदा प्रश्न कॅपच सोडवून टाकते.

कागदपत्रं कधी काढायची?

बारावीच्या वर्षाच्या दिवाळीत. जूनमध्ये सेतू केंद्रापुढची रांग रस्त्यावर येते. डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आणि सगळ्यांत वेळ खाणारं जात वैधता प्रमाणपत्र. त्याचा प्रस्ताव अकरावीतच टाका. नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते. दाखला आहे पण मुदतीचा नाही, म्हणून ओपनमधून फॉर्म भरायची वेळ आलेली मुलं मी पाहिलीत. आईचं, वडिलांचं आणि मुलाचं नाव सगळीकडे एकाच स्पेलिंगने आहे का ते बघा. दहावीच्या मार्कशीटवर एक "ए" जास्त असला तरी पळापळ होते.

आम्ही बेळगावकडचे. मुलाला महाराष्ट्रात प्रवेश मिळेल?

मिळू शकतो. सीमाभागातल्या, म्हणजे महाराष्ट्राने दावा केलेल्या ८६५ गावांतल्या, मराठी मातृभाषा असलेल्या मुलांसाठी उमेदवारीचा वेगळा प्रकार आहे. रहिवासाचं आणि मातृभाषेचं प्रमाणपत्र पुस्तिकेत दिलेल्या नमुन्यातच लागतं, कोऱ्या कागदावर सरपंचांनी लिहून दिलेलं चालत नाही.

त्याला इंजिनिअरिंग नकोच आहे. मग?

मग छानच, ठरवता आलं म्हणायचं. शास्त्रात खरी गोडी असेल तर पुण्याची आयसर ही विज्ञान संस्था आहे, २००६ पासूनची, तिची स्वतःची परीक्षा असते. कायद्याला पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची सीईटी, पुण्यातलं आयएलएस १९२४ चं. चित्रकलेला मुंबईचं जे. जे. १८५७ पासूनचं. शेतीला राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही चार विद्यापीठं आणि त्यांची कॉलेजं. राज्याबाहेरची केंद्रीय विद्यापीठं २०२२ पासून सीयूईटी या सामायिक प्रवेश परीक्षेवर प्रवेश देतात, तिचा फॉर्म बारावीच्या परीक्षेच्या आसपासच भरून होतो.

बीबीए, बीसीए, बीएमएसला २०२४ पासून सीईटी आली. ती टाळण्यासाठी अनेक कॉलेजांनी त्याच अभ्यासक्रमाचं नाव बदलून बीकॉमच्या पोटात टाकलं. तेव्हा नावावर न जाता पदवीच्या प्रमाणपत्रावर नेमकं काय लिहिलेलं असेल ते विचारा. साध्या बीए, बीएस्सीला कॉलेज निवडताना मी विभागात पूर्णवेळ प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावर किती, एवढंच विचारतो.

एक वर्ष ड्रॉप घेऊ द्यावा का?

त्याने स्वतः मागितला, मागच्या वर्षी कुठे कमी पडलो हे त्याला सांगता आलं, आणि दरम्यान कुठेतरी प्रवेश घेऊन ठेवला, तर विचार करा. तुम्हाला वाटतं म्हणून नको.

प्रवेश घेतला आणि महिन्याभरात म्हणाला, जमत नाही. काय करायचं?

आधी काय जमत नाही ते शोधा. मराठी माध्यमाच्या पोरांना पहिले दोन महिने तास इंग्रजीतून कानावरून जातो. तो विषय अवघड असतो असं नाही, शब्द नवे असतात. दिवाळीपर्यंत बहुतेकांचं सुरळीत होतं. घरची आठवण असेल तर एका शनिवारी डबा घेऊन जा आणि लगेच "चल परत" म्हणू नका. विषयच नको असेल, रात्री झोप नसेल, जेवण सुटलं असेल, तर मात्र ताणू नका.

कॅपच्या अंतिम मुदतीआधी प्रवेश रद्द केला तर किरकोळ रक्कम कापून बाकी फी परत मिळते. मुदतीनंतर अवघड होत जातं, म्हणून ती तारीख पहिल्या दिवशीच कॅलेंडरवर लिहून ठेवा. मूळ कागदपत्रं अडकवून ठेवायला यूजीसीने २०१८ मध्येच मनाई केली आहे. "फी पूर्ण भरल्याशिवाय दाखला देणार नाही" असं तोंडी ऐकून परत येऊ नका. रद्द करण्याचा अर्ज लेखी द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि कॉलेजचा शिक्का घेऊनच खिडकीपासून हला.